विवाह शून्य, म्हणून वचनही शून्य?

विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे, असे आपण अभिमानाने सांगतो. पण पहिली पत्नी हयात असल्याचे लपवून दुसरीशी सप्तपदी चालणारा लबाड संस्कारही बुडवतो आणि शब्दही. लग्नाआधी ‘आयुष्यभर अन्न-वस्त्र-निवारा देईन’ असे मुद्रांकावर लिहून देणारा तोच पुढे न्यायालयात म्हणतो, ‘विवाहच शून्य, मग कागद कसला?’

मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याबंदी आली, तेव्हा नांदेड-लातूर निजामी राजवटीत होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असा विवाह येथेही शून्य ठरविला. हेतू स्त्रीरक्षणाचा, परंतु १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा दुसऱ्या पत्नीस फौजदारी प्रक्रिया संहितेखालील पोटगी नाकारली आणि ढाल फसविणाऱ्याच्याच हाती गेली. २०१३ साली त्याच न्यायालयाने फसविल्या गेलेल्या स्त्रीस पोटगी दिली. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी तर शून्य विवाहातही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली निर्वाहखर्च देता येतो, असे स्पष्ट केले.

मग लिहून दिलेल्या वचनाचेच काय? करार कायद्याचे कलम २३ बेकायदा हेतूचा करार मोडीत काढते. पण तिचा हेतू बेकायदा होता कुठे? द्विभार्येला यामुळे प्रतिष्ठा मिळेल, हा आक्षेप पोकळ आहे. कारावास कायम राहील. फसवणूक तेवढी महाग होईल. स्वतःच्या कपटाच्या आधारे कोणीही वचनमुक्त होणार नाही, असे संसदेने निःसंदिग्ध लिहावे.

तोवर नांदेड-लातूरच्या पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी पत्रिकेआधी वराच्या गावी चौकशी करावी. अग्नीच्या साक्षीने फसविली गेलेली लेक समाजाने वाऱ्यावर सोडू नये.