हवाईचा विवाह : मुद्दल किती, व्याज किती?



परदेशातील रमणीय स्थळी विवाह करण्याची प्रथा आता आपल्या व्यापारी कुटुंबांनाही नवी राहिलेली नाही. बाली आणि दुबई ही नावे तर सर्वांच्या तोंडी आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली नातवंडे मात्र हवाईचे नाव काढतात. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन परिचितांनी मला एकच प्रश्न विचारला : तेथील माहितीपत्रकांत ‘पारंपरिक हवाई विवाह’ म्हणून जे छापलेले असते, ते खरोखर पारंपरिक असते काय? प्रश्न व्यापाऱ्याला शोभणारा आहे. सोने घेताना आपण कस पाहतो, मग परंपरा घेताना का पाहू नये?

प्रथम आज तेथे काय घडते ते पाहू. दिवस कलताना समुद्रकिनारी वऱ्हाड जमते. ‘पू’ नावाचा मोठा शंख फुंकला जातो. ‘काहू’ म्हणजे पुरोहित हवाई भाषेत ‘ओली’ गातो. हे एक प्रकारचे मंगल आवाहन होय. वधूवर परस्परांच्या गळ्यात ‘लेई’ म्हणजे हार घालतात. कोआ नावाच्या स्थानिक वृक्षाच्या लाकडी वाडग्यात समुद्राचे पाणी घेऊन, ‘ती’ नावाच्या झुडपाच्या लांब हिरव्या पानाने ते अंगठ्यांवर शिंपडतात. काही ठिकाणी वेलीने दोघांचे हात बांधतात. अखेरीस कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून एकमेकांचा श्वास घेतात. याला ‘होनी’ म्हणतात. शंख, हार, जलसिंचन हे सारे वाचून आपल्याला घरचेच वाटेल. परंतु साम्य दिसले की मूळही एकच असले पाहिजे, असे ठरवण्याचा मोह आवरावा. पॅसिफिक महासागरात होडीतून हजारो मैल प्रवास करून ही बेटे वसवणाऱ्या लोकांना आपली माहिती असण्याचे कारण नव्हते.

या घटकांपैकी प्रत्येक घटक जुना आहे. त्यांची ही मांडणी मात्र बरीच अलीकडची आहे. वस्तुतः जुन्या हवाईत शेतकरी आणि कोळी यांसारख्या सामान्य माणसांच्या लग्नाला ठरावीक विधीच नव्हता. दोघे एका छपराखाली राहू लागले आणि दोन्ही घरांनी ते मान्य केले की झाला विवाह. विवाहासाठीचा जुना शब्द ‘होआओ’ असा आहे आणि ‘उजाडेपर्यंत राहणे’ असा त्याचा अर्थ सांगतात. मेजवानी होई ती पहिले मूल झाल्यावर. दोन घराण्यांना खऱ्या अर्थाने जोडणारा दुवा ते मूल होते. पहिला मुलगा झाला तर त्याच्यावर वडिलांच्या आईवडिलांचा आणि पहिली मुलगी झाली तर तिच्यावर आईच्या आईवडिलांचा प्रथम अधिकार मानला जाई. संसार मोडायचा झाला तरी त्यालाही विधी नव्हता.

समारंभ होता तो सरदार-राजांच्या घरी, कारण तेथे वंश आणि भूमी यांचा प्रश्न असे. याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. कामेहामेहा राजाने १८१० पर्यंत सर्व बेटे एका सत्तेखाली आणली. १८१९ मध्ये त्याचे निधन झाले आणि कारभाराची सूत्रे त्याची राणी काआहुमानू हिच्या हाती आली. काउआई बेटाचा राजा काउमुआलिई हा मांडलिक होता, परंतु त्याच्या निष्ठेचा भरवसा नव्हता. १८२१ मध्ये त्याला जहाजावर घेऊन होनोलुलूला आणण्यात आले आणि काआहुमानूने त्याच्याशी विवाह केला. हायरम बिंगहॅम या मिशनऱ्याने त्या प्रसंगाचे वर्णन लिहून ठेवले आहे. वीस-तीस सुंदर चटया एकावर एक रचलेल्या बैठकीवर दोघे शेजारी पहुडले आणि त्यांच्यावर झाडाची साल कुटून केलेले ‘कापा’ नावाचे काळे वस्त्र पांघरण्यात आले. विधी तेवढाच, पण तो शपथेइतकाच बंधनकारक मानला गेला. आपल्या भाषेत बोलायचे तर हे दोन पेढ्यांचे विलीनीकरण होते, आणि कोणती पेढी कोणात विलीन झाली हे उपस्थितांपैकी कोणालाही सांगण्याची गरज नव्हती.

भोजनाची कथा मला याहून अधिक उद्बोधक वाटते. आज हवाईच्या विवाहाचे शिखर म्हणजे ‘लुआऊ’ ही मेजवानी. वधूवर एकाच पंगतीत बसतात आणि त्यांच्या भोवती दोन्हीकडची माणसे बसतात. १८१९ पूर्वी हे अशक्य होते. ‘कापू’ म्हणजे निषिद्धांच्या व्यवस्थेनुसार स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे हा गंभीर अपराध होता. पतीचे जेवणघर वेगळे आणि पत्नीचे वेगळे. केळी, नारळ यांसारखे पदार्थ तर स्त्रियांना वर्ज्यच होते. त्या वर्षी तरुण राजा लिहोलिहो, आई केओपुओलानी आणि काआहुमानू यांच्या आग्रहावरून, सर्वांदेखत स्त्रियांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. एका जेवणाने शतकानुशतकांचा नियम संपला. मिशनऱ्यांचे पहिले जहाज आले ते त्यानंतर, १८२० मध्ये.

‘लुआऊ’ या शब्दाचा मूळ अर्थ तर आपल्या गृहिणींना मौजेचा वाटेल. लुआऊ म्हणजे अळूचे कोवळे पान! पंगतीत ती पाने शिजवून वाढत, म्हणून मेजवानीलाच ते नाव पडले. महाराष्ट्रातील लग्नाच्या पंगतीत अळूच्या भाजीचे स्थान काय आहे, हे वाचकांना सांगायला नकोच. हवाईत अळूला ‘कालो’ म्हणतात आणि त्याला मानवाचा थोरला भाऊ समजतात. पुराणकथा अशी की, आकाशपिता वाकेआ याचे पहिले अपत्य मृत जन्मले. त्याला पुरले, त्या जागी अळू उगवला. त्यानंतर जन्मलेला धाकटा भाऊ हा हवाईच्या लोकांचा पूर्वज. अळूच्या कंदाला बाजूने फुटणाऱ्या कोंबांना ‘ओहा’ म्हणतात आणि त्यावरूनच कुटुंबासाठी ‘ओहाना’ हा शब्द आला. विवाहाविषयी त्या लोकांची समजूत या एका शब्दात आहे. नवे घर म्हणजे जुन्या कंदाचाच कोंब. आपल्या वाचकांसाठी मात्र एक व्यावहारिक सूचना. लुआऊमध्ये जमिनीतील खड्ड्यात भाजलेले डुकराचे मांस हा मुख्य पदार्थ असतो आणि जे शाकाहारी म्हणून पुढे येईल ते बहुधा अळूच्या कंदाचे ‘पोई’ किंवा रताळे, म्हणजे कंदमूळच. तेथे सोय करून घ्यायची असेल तर केवळ ‘शाकाहारी’ हा शब्द पुरेसा होत नाही. जमिनीखालचे काहीही नको, हे लेखी कळवावे.

मिशनऱ्यांबरोबर चर्चमधील विवाह आला, नोंदणी आली, परवाना आला. १८६० मध्ये तर नावांचाच कायदा झाला. तोवर हवाईचा माणूस एकाच नावाने ओळखला जाई. आडनाव ही कल्पनाच नव्हती. नव्या कायद्याने पत्नीने पतीचे नाव लावणे आणि मुलांनी वडिलांचे नाव आडनाव म्हणून घेणे सक्तीचे केले. बँकेत विवाहोत्तर नावबदलाचे अर्ज तपासण्यात माझी अनेक वर्षे गेली. स्त्रीने नाव बदलणे ही अनादि काळापासूनची रीत असल्याचे जो तो गृहीत धरतो. हवाईत तिच्यावर तारीख आणि वार घातलेला आहे.

उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी १८८५ पासून जपानी मजूर मोठ्या संख्येने आले. बहुतेक सारे अविवाहित. मग १९०८ ते १९२४ या काळात छायाचित्रांची देवघेव करून ठरलेल्या विवाहांची लाटच आली. जपान, ओकिनावा आणि कोरियातील हजारो मुली केवळ एका छायाचित्राच्या भरवशावर जहाजात बसल्या. होनोलुलूच्या धक्क्यावर उतरल्यावर कित्येकींना कळले की छायाचित्र वराच्या ऐन तारुण्यातले होते, क्वचित त्याचे नव्हतेच. परतीचे भाडे कोणाजवळ होते? बहुतेकींनी मळ्यावर उभे राहून संसार केला. आज हवाईच्या विवाहमंडपात सोनेरी कागदाच्या १००१ क्रौंचपक्ष्यांची चौकट दिसते, ती याच घराण्यांची देणगी. ते पक्षी वधूने घडी घालून स्वतः करायचे असतात. हजार घड्या न चिडता घातल्या की संसाराला लागणारा धीर अंगी आला, असे मानतात. माझ्या मते सगळ्या समारंभातील ही सर्वांत शहाणी रीत आहे.

वराच्या अंगावरील फुलाफुलांच्या सदऱ्याशी एका भारतीय व्यापाऱ्याचा संबंध आहे. सिंधमधील हैदराबादचे गोबिंदराम वाटुमल १९१७ मध्ये भावाचे दुकान सांभाळण्यासाठी होनोलुलूला गेले. या ‘ईस्ट इंडिया स्टोअर’ने १९३६ मध्ये एल्सी दास या चित्रकर्तीकडून खास स्थानिक फुलांचे नमुने काढून घेऊन कापड तयार केले आणि ‘अलोहा’ सदऱ्याच्या प्रसारात मोठा वाटा उचलला. एल्सी या वाटुमल यांच्या पत्नी एलेन यांच्या भगिनी. एलेन जेन्सन या अमेरिकन शिक्षिकेने १९२२ मध्ये वाटुमल यांच्याशी विवाह केला आणि त्या विवाहाने त्यांचे अमेरिकन नागरिकत्व गेले! नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशी पुरुषाशी विवाह केल्याची ती शिक्षा होती. त्यांनी कायदा बदलण्यासाठी चळवळ केली आणि १९३१ मध्ये नागरिकत्व परत मिळवले. वाटुमल स्वतः १९४६ मध्ये नागरिक झाले. हवाईत विवाह करणाऱ्या भारतीय तरुणांना ही हकीकत अवश्य सांगावी.

आता हारांविषयी. येथे मात्र मुद्दल खरे आहे. वराच्या गळ्यातील हार ‘मायले’ या रानवेलीचा असतो. त्यात फूल नसते. साल काढून पिरगळलेल्या कोवळ्या फांद्यांची सुगंधी पानेच असतात. तो दोन्ही टोकांनी मोकळा, उपरण्यासारखा खाली सोडलेला असतो. हात बांधायची वेलही हीच. जंगलातून खुडावी लागत असल्याने ती दुर्मीळ झाली आहे, आणि आज विकली जाणारी पुष्कळशी मायले कुक बेटांवरून विमानाने येते. वधूच्या गळ्यात अनेक सरांचा ‘पिकाके’चा हार असतो. हे पिकाके म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला मोगरा! राजकन्या काइउलानी हिला मोर आणि मोगरा दोन्ही फार प्रिय. म्हणून मोराच्या इंग्रजी नावाचा हवाई उच्चार फुलाला चिकटला. हार देणाऱ्यासमोर तो गळ्यातून काढू नये आणि नाकारू तर मुळीच नये. गर्भवतीला बंद हार घालत नाहीत; मोकळ्या टोकांचा देतात. सुकलेला हार कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत. दोरा काढून फुले झाडाखाली मातीला परत करतात. आपल्या मंडळींनी हॉटेलच्या खोलीत हार सोडून निघू नये.

विवाहात हमखास वाजणारे ‘हवाईयन वेडिंग साँग’ मात्र मुळात विवाहगीत नव्हे. चार्ल्स किंग यांनी १९२० च्या दशकात एका संगीत नाटकासाठी रचलेले ते प्रेमगीत. इंग्रजी शब्द १९५८ मध्ये जोडले गेले आणि १९६१ च्या ‘ब्लू हवाई’ चित्रपटात एल्विस प्रेस्लीने ते विवाहप्रसंगी गायिले; तेव्हापासून ती ‘परंपरा’. यात गमतीचा भाग आहे, तसा दुःखाचाही. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात आले, १८९६ मध्ये शाळांतून हवाई भाषेचे माध्यम बंद झाले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने घेतली. दोन-तीन पिढ्या घरात भाषा कुजबुजत राहिली. १९७८ मध्ये तिला पुन्हा राजभाषेचा दर्जा मिळाला. आज हवाईचे तरुण जोडपे स्वतःच्या विवाहात ‘ओली’ म्हणून घेते, तेव्हा ते आजोबांना शाळेत बोलू न दिलेले शब्द असतात. तेच शब्द पाहुण्यांसाठी पाठ करून, दिवसातून चार वेळा, अर्थ न कळता म्हटले जातात, तेव्हा ते केवळ विक्रीचा माल. दोहोंतील फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो : काहूला विचारावे की या ओलीचा अर्थ काय आणि ती तुम्ही कोणाकडून शिकलात. जाणता माणूस गुरूचे नाव आधी सांगेल.

कागदपत्रांचेही थोडे सांगतो, सवय जात नाही. विवाह परवान्यासाठी दोघांनी प्रत्यक्ष हजर राहावे लागते. तेथे रहिवासाची अट नाही, प्रतीक्षा नाही. परवाना ठरावीक मुदतीपुरताच चालतो. विवाह लावणारी व्यक्ती राज्याच्या आरोग्य विभागाची अनुज्ञप्तिधारक असली पाहिजे. ती आहे याची खात्री आधी करावी, नुसता झगा पाहू नये. समुद्रकिनारे तेथे सार्वजनिक आहेत, परंतु व्यावसायिक आयोजकाकरवी किनाऱ्यावर विवाह करण्यास वेगळी परवानगी लागते. ती कोणाच्या नावे काढली आहे ते कंत्राटात लिहून घ्यावे. प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती तेव्हाच मागवाव्यात आणि भारतात वापरण्यासाठी हवाईच्या लेफ्टनंट गव्हर्नर यांच्या कार्यालयातून त्यांवर अपोस्टील करून घ्यावे. पुढे पारपत्रावर जोडीदाराचे नाव लावताना किंवा संयुक्त खाते उघडताना हाच कागद मागितला जातो.