खांदा वर्षातून एकदाच मळायचा का?



पोळा आला की शिंगं रंगवलेल्या, झूल घातलेल्या बैलांचे फोटो सगळेच टाकतात. खांद्याचा फोटो मात्र कोणी टाकत नाही. टाकला तर कळेल ना, जू कुठं बसतं ते!

घाटावर, विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. गरम पाण्याने खांदे शेकायचे, मग तूप नाहीतर तेल-हळद लावून हाताने चोळायचे. चांगलीच रीत आहे. पण आमच्या मनोरकडे चिखळणी आषाढात, आणि पोळा श्रावणी अमावास्येला. म्हणजे मालिश कधी? तर काम सरल्यावर!

घोडेवाल्यांना हे सांगावं लागत नाही. खरारा रोजचा. लोकांना वाटतं खरारा म्हणजे धूळ झाडणं. तसं नाही, त्या निमित्ताने अंगभर हात फिरतो, कुठं गरम, कुठं गाठ ते समजतं. शर्यतीच्या बैलाचंही तेच. 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतीचा कायदा कायम ठेवला तेव्हापासून त्या बैलांचे लाड विचारू नका. आणि भात पिकवणाऱ्या बैलाला? तापलेली सळई!

मी पण डागलाय. लपवत नाही. आमच्या बैलाचा खांदा सुजला, एका जाणत्याने डाग दिला. जखम चिघळली, त्या साली लावणी भाड्याच्या टिलरवर काढली. पुढं कधीही हात वर केला की तो बैल मान फिरवायचा. "डागल्यावर गुण येतो" म्हणतात. अहो, डागल्यावर आठ-पंधरा दिवस आपण त्याला जुंपत नाही. गुण विश्रांतीचा, नाव सळईचं!

आता मी काय करतो ते सांगतो. जू सोडलं की तळहात सपाट ठेवून मानेपासून वशिंडापर्यंत आणि खाली फऱ्यापर्यंत फिरवायचा, दोन्ही बाजूंनी. एक बाजू गरम किंवा कडक लागली, कातडी थरथरली, तर तिथं दुखतंय. सूज ताजी आणि गरम असेल तर चोळायचं नाही, थंड पाणी मारायचं आणि जुंपणं बंद. दोन-तीन दिवसांनी गरमपणा गेला की कोमट पाण्याचा शेक, मग तेलाचा हात, हलका, पाच-दहा मिनिटं. जखम किंवा पू असेल तर हात लावू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. मालिशनं सगळं बरं होतं म्हणणारेही मला पटत नाहीत. जू खडबडीत ठेवून खांदा चोळत बसलात तर काय उपयोग? आधी जू तासा.

आमचे कृषी पदवीधर मित्र मातीचा सामू विचारतात, बियाण्याची जात विचारतात. बांधावर आलात की एकदा बैलाच्या खांद्यावरही हात ठेवून बघा, साहेब.

डागणीची बाजू घेणाऱ्यांनी इथं जरूर लिहावं. फक्त सोबत आपल्या बैलाच्या खांद्याचा फोटो टाका, झूल काढून.