रुप्याच्या छताचा हिशेब

जुने शहर पाहावे ते पायी, आणि जाणत्या माणसाच्या मागून, या म्हणण्याशी माझा मुळीच वाद नाही. मोटारीच्या काचेतून पाहिलेली दिल्ली आणि न पाहिलेली दिल्ली यांत फारसा फरक नसतो. १६३९ साली शाहजहानने जे नगर वसवावयास घेतले ते पादचारी, पालखी आणि हत्ती यांच्या चालीने आखलेले होते. ते त्याच चालीने उलगडते. हिवाळ्याच्या रविवारी सकाळी लाहोरी दरवाज्याने लाल किल्ल्यात शिरावे, दिवाणे आम आणि दिवाणे खास पाहावे, बाहेर पडून चांदणी चौकाच्या तोंडाशी जैनांचे लाल मंदिर आणि गौरीशंकराचे देऊळ घ्यावे, सीसगंज गुरुद्वारा आणि त्याला लागून असलेली सोनेरी मशीद करून बल्लीमारानच्या गल्लीत गालिबच्या घरापाशी थांबावे आणि जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दम घ्यावा, असा या फेऱ्यांचा ठरीव क्रम आहे. हल्ली त्यांना 'हेरिटेज वॉक' असे भारदस्त नाव मिळाले आहे. आपणा नोकरदारांकडे दिवाळीत आणि नाताळात पाहुणे उतरले, की त्यांना घेऊन आपणही या फेरीस जातो. क्रम चांगला आहे, आणि फेरीही चांगली आहे.

माझा वाद आहे तो फेरीच्या पहिल्या प्रश्नाशी. वाटाड्या, ज्याला आपण सर्रास गाईड म्हणतो, तो माणसे मोजून झाली की हसतमुखाने विचारतो, "आपण कुठले?" हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो, वस्तुतः तो शिंप्याच्या टेपेसारखा असतो. त्या उत्तरावरून पुढील दोन तासांचा इतिहास बेतला जातो. मंडळी बंगाली असली तर १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर किल्ल्यात चाललेल्या खटल्याला पाऊण तास मिळतो. पंजाबी असली तर १७८३ साली बघेलसिंग दिल्लीत कसा शिरला ते रंगवून सांगितले जाते. आणि आपण मराठी म्हटले, की वाटाड्याचा आवाज चढतो, छाती पुढे येते, आणि तख्ताचे खरे रक्षक तुमचेच पूर्वज होते, असे तो आपल्याला तोंडावर सांगतो. आपण मान डोलावतो. फेरीच्या शेवटी बक्षिसीची नोट थोडी मोठी निघते.

तो सांगतो ते खोटे असते असे माझे म्हणणे नाही. तसे असते तर काम सोपे होते. १७५७ साली रघुनाथरावांच्या फौजेने नजीबखानाला दिल्लीतून घालविले, हे खरे आहे. १७७२ च्या जानेवारीत शाहआलम बादशहा महादजी शिंद्यांच्या पाठबळाने आपल्या राजधानीत परतला, हे खरे आहे. १७८४ साली वकील-इ-मुत्लकीचा अधिकार महादजींच्या हाती आला, आणि १७८८ साली गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले तेव्हा त्या नराधमाचा पाठलाग करून त्याला पकडले ते महादजींच्याच फौजेने, हेही खरे आहे. गौरीशंकराचे देऊळ आपा गंगाधर नावाच्या मराठ्याने बांधले असे सांगतात. ही सर्व कागदपत्रे अस्सल आहेत. प्रश्न आहे तो फाइलीतून काढून ठेवलेल्या कागदांचा.

दिवाणे खासमध्ये वाटाड्या आपल्याला भिंतीवरील फारसी ओळी वाचून दाखवितो, मयूरासन कोठे होते ते दाखवितो, आणि १७३९ साली नादिरशहाने ते कसे नेले हे हळहळून सांगतो. पण मराठी मंडळींना तो मान वर करावयास सांगत नाही. वर आज जे छत दिसते ते लाकडाचे आहे आणि त्यावरील रंगकाम १९११ सालचे आहे. मूळ छतास रुपे मढविलेले होते. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, आणि नादिरशहा व अब्दाली यांच्या हातून जे काही शिल्लक राहिले होते ते रुपे उतरवून, वितळवून, त्याचे रुपये पाडले. ज्या दालनात उभे राहून आपण तख्ताच्या रक्षणाची कथा ऐकतो, त्याच दालनाचे छत आपल्या सेनापतीने सोलून काढले होते. वाटाड्याला हे ठाऊक नसते असे नाही. दुसऱ्या प्रांताची मंडळी बरोबर असली, की तो हे आवर्जून सांगतो.

भाऊंची अडचण मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. खजिना रिकामा, शिपायांचे पगार थकलेले, जनावरांना वैरण नाही, आणि यमुनेपलीकडे अब्दाली बसलेला. मोहिमेवरील सेनापतीने अशा वेळी काय करावे हे आज पंख्याखाली बसून ठरविणे सोपे आहे, आणि भाऊंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची मला हौस नाही. परंतु ज्या शहराने हे पाहिले त्याची बाजूही आहे की नाही? दिल्लीकरांच्या जुन्या बोलण्यात जाटगर्दी आणि शाहगर्दी यांच्या जोडीला 'मराठागर्दी' हाही शब्द होता. आपल्या भाषेत 'भाऊगर्दी' हा शब्द आहे, आणि तो पानिपताच्या धांदलीची आठवण मानला जातो. एकाच काळाने दोन भाषांत दोन शब्द ठेवले. आपल्या शब्दात आपली दाणादाण आहे; दिल्लीच्या शब्दात दिल्लीची. आपण पहिलाच शब्द जपून ठेवला.

१४ जानेवारी १७६१ च्या पराभवाबद्दल आपण दोन-अडीच शतके हळहळत आलो आहोत. त्या दिवशी राजपूत आपल्या बाजूला नव्हते, आणि सूरजमल जाट आधीच बाजूला झाला होता, याची तक्रार आपण अजून करतो. ते का नव्हते, हे मात्र विचारीत नाही. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडून चौथाई वसूल केली आणि ज्यांच्या घरच्या वारसाहक्काच्या भांडणांत हात घालून पैसा उकळला, ते ऐन लढाईच्या दिवशी आपल्यासाठी धावून येतील ही अपेक्षाच विलक्षण होती. आणि तरीही त्याच सूरजमलने पानिपताहून उपाशी, उघडे, जखमी परतणाऱ्या मराठ्यांना आपल्या मुलखात आसरा दिला. हे दोन्ही ज्या फेरीत सांगितले जात नाही, त्या फेरीतून पाय दुखण्याखेरीज दुसरे काही हाती लागत नाही.

आपण सरकारी माणसे आहोत, म्हणून आपल्याला समजेल अशा भाषेत सांगतो. एखाद्या कारकुनाने वरिष्ठांपुढे फाइल ठेवताना अनुकूल कागद वर लावले आणि प्रतिकूल कागद खणात टाकले, तर त्यातील एकही कागद बनावट नसतानाही आपण त्या फाइलीला खोटी फाइल म्हणतो आणि त्या कारकुनाकडून खुलासा मागवितो. ज्या गोष्टीबद्दल सोमवार ते शुक्रवार आपण दुसऱ्याला मेमो देतो, तीच गोष्ट रविवारी पैसे मोजून ऐकतो आणि वर टाळ्या वाजवितो. याला काय म्हणावे?

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला असा की, नादिरशहाने आणि अब्दालीने जे लुटले त्यापुढे एका छताची काय कथा? हिशेबतपासणीच्या भाषेत याचे उत्तर सोपे आहे: दुसऱ्या खात्यातील अफरातफरीने आपल्या खात्यातील तूट भरून निघत नाही. शिवाय नादिरशहा लुटारू म्हणून आला, लुटारू म्हणून गेला. रक्षक म्हणवून घेण्याचा दावा त्याने कधी केला नाही. तो दावा आपला आहे. रक्षकाचा हिशेब लुटारूच्या हिशेबापेक्षा कडक असलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, वाटाड्या बिचारा पोटार्थी. त्याला कशाला धारेवर धरता? हे मला पूर्णपणे मान्य आहे. दोष गिऱ्हाइकाचा आहे. ज्या मालाला उठाव तोच माल दुकानदार मांडतो. आपण एकदा जरी म्हटले, "गोड ते पुरे, आता उरलेले सांगा," तरी त्यालाही बरे वाटेल, कारण रोज तीच स्तुती म्हणून त्याचाही घसा सुकलेला असतो.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो बहुधा आयाबाया आणि शिक्षक मंडळी घेतात. परमुलखात वाढणाऱ्या मराठी मुलाला अभिमानासाठी काहीतरी हवे. त्याच्या कोवळ्या मनावर हे ओझे कशाला? माझे म्हणणे नेमके उलट आहे. पुण्या-साताऱ्यातील मुलाला अर्धा इतिहास एक वेळ परवडेल; त्याच्या बाकावर दुसरी बाजू सांगणारे कोणी बसत नाही. आपल्या मुलांच्या शेजारी बसते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ ते १७५१ या दशकात बंगालवर वारंवार चालून गेल्या, आणि त्या 'बर्गीं'ची धास्ती तेथील अंगाईगीतात आजही जिवंत आहे. कलकत्त्यात बदली झालेल्या आपल्या बांधवाच्या मुलाला एखाद्या दुपारी त्याचा जिवलग मित्रच विचारील, "बर्गी म्हणजे तुम्हीच ना?" ज्याला घरी सर्व सांगितलेले आहे तो म्हणेल, "होय, आणि आणखीही सांगतो, ऐक." ज्याला फक्त तख्ताची कथा सांगितली आहे तो एक तर भांडेल, नाही तर घरी येऊन आपल्याला खोटारडे म्हणेल. उसना अभिमान पहिल्याच प्रश्नाला कोसळतो, आणि कोसळताना आईबापांवरचा विश्वासही बरोबर घेऊन जातो. मग ते मूल हळूहळू मराठी बोलणेच टाकते, आणि आपण मंडळाच्या वार्षिक सभेत नव्या पिढीच्या अनास्थेवर ठराव करतो.

अभिमानाला जागाच नाही असे नव्हे. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयाची पायरी चढताना सरफोजीराजांचे नाव तेथला तमिळ माणूस आदराने घेतो. काशीत १७८० साली विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाईंची आठवण तेथील वाटाड्या कोणी विचारण्याची वाट न पाहता काढतो. शहर ज्याचे त्याचे ऋण फेडते. त्याच्याकडे वसुलीला जावे लागत नाही.

दिल्लीची गोष्ट अधिक अवघड आहे, म्हणूनच ती पुरी ऐकली पाहिजे. महादजींनी हाती घेतलेला कारभार अवघ्या दोन दशकांत कसा निसटला, हे समजून घ्यावयाचे तर यमुनापार पटपडगंजकडे गेले पाहिजे. तेथे ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला; त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे, आणि कोणतीही मराठी फेरी तिकडे वळत नाही. त्या फौजेचे नेतृत्व एका फ्रेंच सेनानीकडे होते, एवढी एक गोष्टसुद्धा विचार करावयास पुरेशी आहे. आणि याच लाल किल्ल्याच्या आवारात १९४८-४९ साली गांधीजींच्या खुनाचा खटला चालला. गोळ्या झाडणारा मराठी होता. आरोपींपैकी बहुतेक मराठी होते. आझाद हिंद सेनेच्या खटल्यावर पाऊण तास बोलणारा वाटाड्या या खटल्याशी येऊन आपल्यापुढे गप्प होतो. त्याचे हे सौजन्य मला अपमानास्पद वाटते. सत्य ऐकण्याइतकी आपली छाती नाही, असे त्याने गृहीत धरलेले असते, आणि आजवर आपण त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. या हिवाळ्यात आपापल्या शहरातील मंडळांनी वर्षातून निदान एक फेरी अशी काढावी की तिच्यात "आपण कुठले?" या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे नाही. वाटाड्याला सांगावे, की आम्ही याच शहरात राहतो, येथले पाणी पितो, येथल्या शाळांत आमची मुले आहेत. शेजाऱ्याला सांगाल ते आम्हांला सांगा. मुलांना बरोबर न्यावे आणि जमल्यास एखाद्या दिल्लीकर शेजाऱ्यालाही न्यावे. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातील किती इमारती पाडल्या, जामा मशीद लष्कराच्या ताब्यात घेऊन १८६२ पर्यंत नमाजास कशी बंद ठेवली, हेही ऐकावे. कारण ज्या शहरात आपण उमेदीची वर्षे काढतो त्याच्या दुःखात आपले नाव नसले तरी ते आपले असू शकते. बल्लीमारानमध्ये गालिबच्या दारी उभे राहताना त्याचा मराठ्यांशी काही संबंध होता काय, असे विचारू नये.

आणि दिवाणे खासमध्ये पोहोचल्यावर वाटाड्या गप्प राहिला, तर आपणच मान वर करावी आणि मुलांना विचारावे: येथले रुपे कोठे गेले?