रोबोट कोणत्या वाटेने जाणार?

मूत्रपिंडातील गाठ रोबोटच्या मदतीने काढू, एवढे रुग्णाला सांगितले जाते. आत शिरणार कुठून, हे सांगायचे अनेकदा राहून जाते. वाटा दोन आहेत. पोटातून गेल्यास यंत्राच्या हातांना ऐसपैस जागा मिळते, पण आतडे बाजूला सारावे लागते. कुशीतून, पाठीच्या अंगाने गेल्यास उदरपोकळी उघडावी लागत नाही आणि मूत्रपिंडाची धमनी लवकर हाती येते. जागा मात्र अरुंद. गाठ मागच्या बाजूला असेल किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी चिकटलेली असतील, तर ही दुसरी वाटच शहाणपणाची.

कर्करोग निपटून काढण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्या ठरल्या आहेत. पाठीकडून गेल्यास रुग्णालयातील मुक्काम थोडा कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले. पण यातले बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, त्यामुळे त्यावरून सरसकट कौल देऊ नये.

खरी कसोटी धमनीला चिमटा लावल्यावर लागते. रक्तपुरवठा थांबलेला असताना, साधारण २५ मिनिटांच्या आत, गाठ काढून जखम शिवायची आणि उरलेले मूत्रपिंड वाचवायचे. इथे सरावलेला हातच कामाला येतो. म्हणून रुग्णालयांनी यंत्राच्या जाहिरातीऐवजी प्रत्येक सर्जनने कोणत्या वाटेने किती शस्त्रक्रिया केल्या, किती जणांना रक्तस्राव झाला आणि किती वेळा अखेर पूर्ण मूत्रपिंड काढावे लागले, हे आकडे संमतिपत्रासोबत रुग्णाच्या हाती द्यावेत.