तुंबलेलं ड्रेनेज आणि पिण्याचं पाणी : खडकवासला परिसराने घ्यायचा धडा

बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर आलं, की आपण आधी नाक धरतो आणि मग प्लंबरला फोन करतो. दुर्गंधी गेली की विषय संपला असं वाटतं. पण डॉक्टर म्हणून मी तुम्हाला दुसराच प्रश्न विचारेन : त्याच दिवशी तुमच्या नळाचं पाणी कसं होतं?

हा प्रश्न सिंहगड रस्त्याच्या पट्ट्याला नवा नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली, काहींचा मृत्यूही झाला. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू किंवा नोरोव्हायरस सापडला. संशयाची सुई पाण्याकडे वळली. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी ही गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. तरीही धरणाचं पाणी नांदेडच्या विहिरीत घेऊन, शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, केवळ क्लोरीन टाकून पुरवलं जात होतं.

प्रत्येक रुग्णाचं खापर गटारावर फोडता येणार नाही. कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधूनही येतो. पण मैलापाणी पाण्यात मिसळण्याचा धोका खरा आहे, आणि तो कमी करणं काही अंशी आपल्या हातात आहे.

मैलापाणी नळात कसं शिरतं?

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी सोडलेलं असताना पाइपमध्ये दाब असतो, त्यामुळे गळती झाली तरी पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की दाब संपतो. मग पाइपच्या तड्यातून किंवा सैल जोडातून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. शेजारचा चेंबर तुंबलेला असेल, तर ते मैलापाणी असतं. थेट नळाला मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. सोसायटीची जमिनीखालची टाकी चेंबरला लागून असेल आणि तिला तडा असेल, तर तिथेही हेच घडतं.

म्हणून चेंबर तुंबला असेल, तर निदान तो मोकळा होऊन टाकी धुतली जाईपर्यंत नळाचं पाणी संशयास्पद समजा.

घरात पाणी वर आलं तर

- घरातला पाण्याचा वापर थांबवा. फ्लश आणि वॉशिंग मशीनचं पाणी त्याच लाइनमध्ये जातं.
- पाणी विजेच्या बोर्डापर्यंत किंवा उपकरणापर्यंत आलं असेल, तर त्यात पाय ठेवू नका. कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करता आला तरच करा.
- लहान मुलं, गरोदर महिला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना त्या खोलीपासून दूर ठेवा. काविळीच्या 'ई' विषाणूचा गरोदरपणात विशेष धोका असतो.
- रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच साफ करा. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढा. मग १ लिटर पाण्यात ३ चहाचे चमचे ब्लीचिंग पावडर घालून फरशी पुसा आणि खिडक्या उघड्या ठेवा.
- ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि फुप्फुसांना इजा होते. मोरी मोकळी करायची पूड आधी टाकली असेल, तर प्लंबरला तसं सांगा.
- पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान १ मिनिट उकळू द्या. भाज्या धुवायला आणि दात घासायलाही तेच वापरा.

चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शन किंवा जेटिंगची गाडी मागवा.

दवाखान्यात कधी जायचं?

जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा. शौचातून रक्त, ताप, लघवी कमी होणं किंवा सुस्ती असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घाण पाण्यात उभं राहिल्यानंतर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा.

जीबीएस साधारणपणे जुलाबानंतर १ ते ३ आठवड्यांत दिसतो. पायांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय साथ देत नाहीत, अशक्तपणा वर सरकतो. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात जा. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. जुलाब झालेल्यांपैकी फारच थोड्यांना तो होतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

तक्रार कशाची करायची?

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात 'ड्रेनेज चोकअप' एवढंच लिहून थांबू नका. त्याच अर्जात नळाच्या पाण्याची तपासणीही मागा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. सोसायटीने क्लोरीन तपासायचा छोटा संच आणून आठवड्यातून एकदा शेवटच्या घराच्या नळाला तपासणी करावी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, तर त्यात क्लोरीन उरलेलं नाही. ती नोंद तारखेसह अर्जाला जोडा.

चेंबर आणि नळ आपल्याकडे दोन वेगळी खाती पाहतात. जमिनीखाली मात्र ते शेजारी असतात, म्हणून तक्रारही दोन्हींची एकत्र करा.