आधी विचारा, मग डिस्क काढा

गेल्या पावसाळ्यात शिरगावजवळच्या एका छोट्या कारखान्यातून बोलावणे आले. प्रतिशिर्डीच्या साईमंदिरामुळे हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण तळेगावच्या एमआयडीसीपासून पवनेच्या काठापर्यंत कारखाने वाढत गेले तशी सर्व्हर सांभाळणाऱ्यांची ये-जाही तिकडे वाढली. या कारखान्यात रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर टारने बॅकअप व्हायचा आणि सकाळी मालक ती डिस्क घरी न्यायचे. पद्धत उत्तम. हिशेबाच्या फायली परत काढायची वेळ आली तेव्हा मात्र टार मध्येच थांबला: ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ’. फाईल अर्धवट होती.

रूटची हिस्टरी उघडली. साधे युमाउंट दोनदा, आणि तिसऱ्यांदा ‘-एल’ जोडून. पुढे काहीच नाही.

या ‘-एल’ने काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे. डिस्क फोल्डरच्या झाडावरून लगेच नाहीशी होते, प्रॉम्प्ट परत येतो, पण ज्या प्रोसेसने फाईल उघडलेली असते ती लिहितच राहते. खरे अनमाउंट ती फाईल बंद झाल्यावर होते. त्या सकाळी टार संपला नव्हता आणि केबल निघाली.

साधा युमाउंट नाकारला जातो तेव्हा दिसणारी ‘टार्गेट इज बिझी’ ही कर्नलने दिलेली बातमी आहे. कोण बसले आहे ते विचारा: ‘एफयूझर -व्हीएम’ आणि माउंटचा पत्ता, किंवा एलएसओएफ. पुष्कळदा तिथे आपलेच शेल सापडते, आपणच त्या फोल्डरमध्ये उभे असतो. ‘सीडी /’ केले की काम होते. टार किंवा डेटाबेस असेल तर तो संपू द्या. आणि युमाउंटला वेळ लागतो आहे म्हणून घाबरू नका. लिनक्स आधी मेमरीत लिहितो. बदललेली पाने सर्वसाधारण सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत तिथेच राहू शकतात, आणि डिस्क मंद असेल तर त्याहूनही जास्त. युमाउंट ती सगळी डिस्कवर उतरवून मगच परततो. तोवर केबलला हात लावू नये.

पार्टिशनला हात घालण्याआधी ‘एलएसबीएलके -एफ’ चालवून यूयूआयडी वाचा. आज एसडीबी असलेली डिस्क रीबूटनंतर एसडीसी होऊ शकते, आणि एमकेएफएस चुकीच्या डिस्कवर चालला की पुढचे बोलायलाच नको. एफएसटॅबमध्येही यूयूआयडीच लिहा, आणि काढत्या डिस्कपुढे ‘नोफेल’. नाहीतर ती घरी राहिल्या दिवशी सिस्टिमडी दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल. ईएक्सटी४ लहान करायची तर ती आधी अनमाउंट हवीच. माउंट असलेल्या डिस्कवर दुरुस्तीसाठी एफएससीके चालवणे मला अक्षम्य वाटते.

त्या कारखान्याच्या स्क्रिप्टमध्ये आता युमाउंट यशस्वी झाला तरच ‘डिस्क काढा’ असा निरोप येतो. तुमच्याकडेही हे दोन ओळींचे काम आहे. शिवाय या महिन्यात एकदा आपल्या बॅकअपच्या डिस्कवरून एक फाईल परत काढून पाहा, आणि ती उघडते का ते तपासा.