संगणक घ्यायचा तर झाकण उघडून

शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे बदलण्याचा विषय यंदा विश्वस्त मंडळापुढे आहे. विंडोज १० चे नियमित अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि आपली बरीच यंत्रे पुढच्या विंडोजला चालत नाहीत, त्यामुळे खरेदी टाळता येण्यासारखी नाही. तीन दुकानदारांची कोटेशने आली आहेत. प्रोसेसरचे नाव ठळक अक्षरांत, मग रॅम, मॉनिटरचे इंच आणि शेवटी रक्कम. मदरबोर्डापुढे मात्र तिघांनीही नुसते ‘कम्पॅटिबल’ लिहिले आहे. एकात तर एसएमपीएसचा, म्हणजे पॉवर सप्लायचा, उल्लेखच नाही. आमचा आक्षेप या ‘कम्पॅटिबल’ला आहे.

दुधाने तोंड पोळले म्हणून ताक फुंकून पितात असे कोणी म्हणेल, तर ते खरेच आहे. २००४ साली शाळेने दहा संगणक घेतले. खरेदी समितीत आम्हीही होतो, आणि सर्वांत कमी रकमेच्या कागदावर आमचीही सही आहे. तीन वर्षांत सहा यंत्रे आजारी पडली. मध्येच बंद व्हायची, दोनदा बटन दाबल्याशिवाय सुरू व्हायची नाहीत. दुकानदाराने बिजलीला दोष दिला, आम्ही स्टॅबिलायझर घेतले. उपयोग शून्य. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत स्टोअर रूम साफ करताना दहावीच्या मुलांनी ती यंत्रे उघडली. प्रोसेसरच्या शेजारच्या छोट्या नळकांड्यांची डोकी फुलक्यासारखी फुगलेली, दोन-तीनांतून तपकिरी द्रव बाहेर येऊन सुकलेला. इतक्या वर्षांनी रोगाचे नाव कळले.

ही नळकांडी म्हणजे कपॅसिटर. कॉलेजात आम्ही हिंदीतून ‘संधारित्र’ शिकलो, पण बाजारात ते नाव कोणाला कळत नाही. काम साधे आहे. आपल्या इंदूरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून गच्चीवर टाकी लागते. नळ येवो न येवो, स्वयंपाकघरातली धार सारखी राहते. कपॅसिटर ही विजेची टाकी. प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट, पण करंट अफाट: १०० वॅटचा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर ८० अँपिअर ओढतो. घरचा २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपासच घेतो! तेव्हा १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करणारा बोर्डाचा तो कोपरा कच्चा असेल, तर प्रोसेसर कितीही नामांकित असो, बिचारा काय करणार?

२००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभर असे सदोष कपॅसिटर बोर्डांवर लागले. आतल्या द्रवाची घडण चुकीची होती. त्यातून वायू सुटे आणि डोके फुगे. यात स्वस्त माल विकणारेच अडकले असे नाही. डेलने २००५ मध्ये सदोष कपॅसिटरची यंत्रे दुरुस्त करण्यापोटी ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. वेगवेड्या तरुणांची लाडकी तैवानची आबिट कंपनीही यात सापडली, आणि २००८ अखेर तिने मदरबोर्डाचा धंदाच बंद केला. म्हणून ‘अमुक ब्रँड घ्या, निश्चिंत व्हा’ हा सल्लाही आम्हांस पुरेसा वाटत नाही. असुस, गिगाबाइट, एमएसआय या तिन्ही जुन्या कंपन्या. तिघी स्वस्त बोर्डही करतात आणि महागही. नाव डब्यावरचे वाचायचे, पण मॉडेल कागदावर लिहून घ्यायचे.

उष्णतेचे गणित मुलांनी करून पाहावे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले की द्रव असलेल्या कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल. आता मे महिन्यातला आपला वरच्या मजल्यावरचा कक्ष, बंद खिडक्या आणि पंख्यात अडकलेली धूळ आठवा. आज चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात, ते फुगण्याचा त्रास फारसा देत नाहीत. परंतु काटकसर दुसरीकडे सरकली आहे. बोर्डाच्या त्या कोपऱ्यावर उष्णता काढणारी धातूची पट्टी नसते, आणि एसएमपीएस हाताला हलका लागतो.

आता मुलांच्या आवडीचा विषय, ओव्हरक्लॉकिंग. अकरावीच्या एका मुलाने विचारले, शाळेच्या यंत्राचा वेग वाढवून पाहू का? आम्ही नाही म्हटले, पण प्रश्न आवडला. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला होता. ६६ मेगाहर्ट्झच्या बसला साडेचारने गुणून ३००. हौशी लोकांनी बस १०० केली, गुणक तोच, आणि स्वस्तातला प्रोसेसर ४५० वर पळाला. बोर्ड चांगला असला तरच! अशा मंडळींनीच कपॅसिटरवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावली, हे आम्ही मान्य करतो. मात्र वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले की उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, कारण व्होल्टेजचा वर्ग घ्यावा लागतो. चाळीस मुलांच्या तासाला चालणाऱ्या यंत्रावर हा जुगार नको.

गंमत अशी की हल्ली काही बोर्ड न विचारताच जोर लावतात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये इंटेलने बोर्ड कंपन्यांना मूळ मर्यादा पाळण्यास सांगितले. प्रोसेसरच जास्त व्होल्टेज मागत असल्याची आपलीही चूक निघाली म्हणून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा नवी यंत्रे आली की बायोसमधली सेटिंग आणि अपडेट पाहण्याचे काम दुकानदाराच्या पोऱ्यावर सोडता येणार नाही. आमचे संगणक शिक्षक ते करतील.

मंडळाला आमची विनंती आहे की तिन्ही कोटेशने परत पाठवावीत. बोर्डाचे आणि एसएमपीएसचे नाव-मॉडेल, प्रत्येकाची वॉरंटी किती वर्षे आणि ती कोण देणार, एवढे लिहून आल्याशिवाय रकमेकडे पाहू नये. एक यंत्र आधी मागवून, झाकण उघडून पाहावे. यामुळे प्रत्येक यंत्रामागे काही रुपये जास्त जातील. संख्या कमी करावी लागली तर दोन यंत्रे कमी घेऊ. पालकांची नाराजी आम्ही पत्करू.

स्टोअर रूममधली जुनी यंत्रे भंगारात देण्याचे तूर्त थांबवले आहे. पालकांची लेखी संमती असलेल्या नववीपासूनच्या मुलांना दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती उघडता येतील, त्यांवर वेगाचे प्रयोगही करता येतील. एसएमपीएसचा डबा मात्र कोणी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. आपल्या घरी बंद पडलेला डेस्कटॉप असेल तर शाळेत आणून द्यावा. जुना काचेचा मॉनिटर आणू नये. त्यातही वीज राहते, शिवाय ठेवायला जागा नाही.